कागदावरची तारीख



कागद वाचता येऊ लागला म्हणजे माणूस आधी काय वाचतो? मोठी अक्षरे वाचतो. मग मजकूर वाचतो. तारीख कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते, ती राहून जाते. तुमचीच राहते असे नाही. चाळीस वर्षे शाळेत फळ्यावर रोज तारीख लिहिणाऱ्या आमचीही एकदा राहून गेली. ती गोष्ट या पाठात सांगतो.

डिसेंबर २०२१ ची गोष्ट आहे. बेलापूरच्या बाजूला खाडीकाठच्या एका गावात आमचा रात्रीचा वर्ग चालत असे. वर्गाला एक पन्नाशी उलटलेल्या बाई येत. त्यांचा मुलगा बोटीवर कामाला होता. नवी मुंबई, उरण, पनवेल या बाजूची पुष्कळ मुले बोटीवर जातात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. त्याची बोटीवरची मुदत संपली होती. तो सिंगापूरला उतरून विमानाने मुंबईला येणार होता. शुक्रवार, ३ डिसेंबरच्या रात्रीचे तिकीट हातात होते. इकडे त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले. आज आहेत, उद्याचे कोणी सांगावे, अशी अवस्था.

गुरुवारी संध्याकाळी बाई वर्गात आल्या त्या हातात एक कागद घेऊन. पुतण्याच्या मोबाइलवर तो मजकूर आला होता. त्याने तो छापून दिला होता.

"गुरुजी, ह्या कागदान काय लिवलंय ते बघा. पोराला सात दिस कोंडून ठेवनार म्हनतान."

आम्ही चष्मा लावला आणि वाचले. सरकारचा आदेश कोणी तरी मराठीत उतरवला होता. जोखमीच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाला सात दिवस सक्तीने संस्थेत राहावे लागेल, दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी त्याची चाचणी होईल, असे त्यात होते. सिंगापूरचे नाव त्या देशांत होते. आम्ही म्हणालो, "होय बाई, खरे आहे. सात दिवस घरी येता येणार नाही."

बाई काही बोलल्या नाहीत. कागद घडी करून निघून गेल्या. मुलाला रात्री निरोप गेला. सात दिवस बाहेरच काढायचे आणि खर्चही आपणच करायचा, तर तिकीट रद्द करून पुढे पाहावे, असे त्याच्या मनात आले. पुढे म्हणजे केव्हा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्या दिवसांत विमाने मोजकीच उडत होती.

शुक्रवारी सकाळी आम्ही वर्तमानपत्र उघडले आणि तसेच बाईंच्या घराकडे निघालो. आदल्या दिवशी, म्हणजे २ डिसेंबरला, राज्य सरकारने तो आदेश बदलला होता. सात दिवसांची सक्ती आता तीन देशांपुरतीच राहिली होती : दक्षिण आफ्रिका, बोत्स्वाना आणि झिंबाब्वे. बाकीच्या जोखमीच्या देशांतून येणाऱ्यांना केंद्र सरकारचा नियम लागणार होता. तो असा : विमानतळावर चाचणी द्यायची, निकाल येईपर्यंत तेथेच थांबायचे, निकाल चांगला आला तर घरी जाऊन सात दिवस वेगळे राहायचे आणि आठव्या दिवशी पुन्हा चाचणी करायची.

घरी पोचल्यावर आम्ही बाईंना तो कालचा कागद मागितला. त्यांनी तो कणगीमागून काढला. वरच्या कोपऱ्यात बोट ठेवून त्यांनी स्वतःच वाचले : ती-स नो-व्हें-ब-र. मग वर्तमानपत्रावर बोट ठेवले : तीन डिसेंबर. त्यांनी आमच्याकडे पाहिले. म्हणाल्या, "गुरुजी, काल आपन दोघांनी पन ह्ये वाचलंच नाय."

दोघांनी, असे त्या म्हणाल्या. चूक आमची होती. दोन दिवसांचा शिळा कागद आम्ही ताजा म्हणून वाचला. मुलाला लगेच फोन लावला. तिकीट अजून रद्द झाले नव्हते.

आता तुम्ही विचाराल, नियम दोन दिवसांत बदलतो, हा काय पोरखेळ आहे? तेव्हा पुष्कळ लोक असेच म्हणत होते. चिडणे आम्हांला समजते. पण नियम का बदलला, हे पाहिले म्हणजे थोडा उलगडा होतो.

कोरोनाचा विषाणू माणसागणिक पसरतो आणि पसरताना थोडाथोडा बदलतो. बदललेल्या विषाणूला नवे नाव देतात. २६ नोव्हेंबर २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने अशाच एका नव्या प्रकाराला ओमायक्रॉन हे नाव दिले. तो आधी आफ्रिकेच्या दक्षिण भागात आढळला होता. तो किती पसरतो, किती जीव घेतो, हे तेव्हा कोणालाच नीट माहीत नव्हते. अंधारात चालणारा माणूस जसा आधी पाऊल जपून टाकतो आणि दिसू लागले की मोकळा चालतो, तसे सरकारांचे झाले. भारत सरकारने २६ नोव्हेंबरला जाहीर केले होते की परदेशाची नेहमीची विमाने १५ डिसेंबरपासून सुरू होतील. पाचच दिवसांत, १ डिसेंबरला, ते पुढे ढकलले. ती विमाने अखेर २७ मार्च २०२२ पासून सुरू झाली.

दुसरे कारण असे की नियम करणारे हात एक नव्हते. केंद्र सरकारचा नियम साऱ्या देशाला. त्यावर राज्य सरकार आपला नियम घाली, आणि घरी आलेल्या माणसावर लक्ष ठेवण्याचे काम महापालिकेकडे असे. ३० नोव्हेंबरला महाराष्ट्राने केंद्राहून कडक नियम केला. १ डिसेंबरला केंद्राच्या आरोग्य सचिवांनी राज्याला पत्र लिहिले की तुमचा नियम आमच्या नियमाशी जुळवून घ्या. म्हणून २ डिसेंबरचा बदल. आमच्या मते वरच्यांनी आधी एकमेकांशी बोलून मग कागद काढायला हवा होता. परंतु राज्याची भीतीही पोकळ नव्हती. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रोगी पुण्यात सापडले, ते दुबईहून परतलेले प्रवासी होते. आणि ४ डिसेंबर २०२१ ला राज्यातला ओमायक्रॉनचा पहिला रोगी सापडला, तो कल्याण-डोंबिवली भागातला, दक्षिण आफ्रिकेहून दुबई आणि दिल्लीमार्गे आलेला.

बाहेरून येणाऱ्याला अडवून तपासणे ही नवी रीत नव्हे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हाही आगगाडीचे उतारू तपासत. त्याच साथीच्या वेळी, १८९७ साली, साथीच्या रोगांचा कायदा झाला. १२३ वर्षांनी, २०२० मध्ये, कोरोनाचे आदेश निघाले तेव्हा महाराष्ट्राने तोच जुना कायदा हाती घेतला.

परदेशातून येणाऱ्यांचे नियम मे २०२० पासून किती वेळा पालटले ते पाहा. आरंभी चौदा दिवस वेगळे राहावे लागे, सात दिवस स्वखर्चाने संस्थेत आणि सात दिवस घरी. ऑगस्ट २०२० पासून प्रवासाआधी ९६ तासांच्या आत केलेल्या चाचणीचा चांगला अहवाल दाखवला तर संस्थेतले दिवस माफ होऊ लागले. नोव्हेंबरात ते ९६ तास ७२ झाले. २२ फेब्रुवारी २०२१ पासून असा अहवाल सर्वांनाच सक्तीचा झाला. सूट होती ती घरात मृत्यू झाल्यामुळे येणाऱ्याला, तीही आधी अर्ज केला तर. १४ फेब्रुवारी २०२२ पासून जोखमीच्या देशांची यादीच रद्द झाली आणि शंभर प्रवाशांत दोघांना निवडून तपासू लागले. १ जानेवारी २०२३ ला चीन, जपान, सिंगापूर अशा सहा ठिकाणांहून येणाऱ्यांवर अहवालाची सक्ती पुन्हा आली आणि १३ फेब्रुवारीला गेली. शंभरांत दोघांची तपासणी २० जुलै २०२३ रोजी बंद झाली. या सगळ्या तारखा पाठ करू नका. त्या कोणालाच पाठ नव्हत्या.

तासांचा हिशेब मात्र शिकून घ्या, तो दुसरीकडेही कामी येतो. ७२ तास म्हणजे तीन पूर्ण दिवस. ते मागे मोजायचे, प्रवासाच्या वेळेपासून. आणि मोजायचे कोठपर्यंत? नाकातून, घशातून नमुना घेतला त्या वेळेपर्यंत. अहवालाचा कागद हाती आला त्या वेळेपर्यंत नव्हे. येथे भले भले चुकले. आमच्या मुलाचे विमान शुक्रवारी रात्री दहाला. तीन दिवस मागे गेले म्हणजे मंगळवारी रात्रीचे दहा. मंगळवारी सकाळी नऊला नमुना दिला असता तर ८५ तास झाले असते आणि कागद फुकट गेला असता. त्याने बुधवारी सकाळी अकराला दिला. किती तास झाले? वहीत मांडून पाहा. आमच्या हिशेबाने ५९ येतात.

एका शब्दाने लोक फार गोंधळत. 'निगेटिव्ह' म्हणजे नाही. कानाला तो शब्द वाईट लागतो, पण येथे तो चांगला. नमुन्यात विषाणू सापडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. 'पॉझिटिव्ह' म्हणजे सापडला. मात्र आज सापडला नाही म्हणजे अंगात नाहीच, असे नव्हे. भात पेरल्यावर दुसऱ्या दिवशी शेतात काही दिसत नाही, म्हणून बी नाही असे आपण म्हणतो काय? विषाणू अंगात शिरल्यावर चाचणीत दिसण्याइतका वाढायला काही दिवस लागतात. म्हणून विमानतळावर एक चाचणी आणि आठव्या दिवशी दुसरी. त्याच डिसेंबरात घणसोलीच्या एका शाळेत डझनाहून जास्त विद्यार्थ्यांना लागण झाली. त्यांतल्या एकाच्या घरचे माणूस आखातातून आले होते, आणि त्याची स्वतःची चाचणी निगेटिव्ह होती. रोग कोठून आला हे अशा वेळी छातीठोकपणे सांगता येत नाही. आखातातून आलेल्याकडे बोट दाखवणारे मात्र गावोगाव निघाले. ते बरे झाले नाही.

आणखी एक गोष्ट. कोरोनाचे हे नियम आज नाहीत, पण पीतज्वराचा नियम आजही आहे. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या ज्या देशांत तो रोग आहे, तेथून येणाऱ्याजवळ लस टोचल्याचा दाखला लागतो. बोटीवरची मुले तो जपून ठेवतात. टोचल्यापासून दहा दिवसांनी तो दाखला लागू होतो. येथेही तारीखच पाहतात. दाखला नसला किंवा दहा दिवस झालेले नसले तर सहा दिवसांपर्यंत अडकून पडावे लागते.

आता मुलाचे काय झाले ते सांगतो.

तो शनिवारी पहाटे मुंबईला उतरला. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झाले. तेव्हा सहारलाच उतरावे लागे. तेथे चाचणी दिली आणि निकालाची वाट पाहत तो बाकावर बसून राहिला. लवकर निकाल देणारी चाचणीही होती, पण तिचे पैसे फार. त्याने साधी घेतली. दुपारपर्यंत निकाल आला, नाही. खाडीपूल ओलांडून तो गावात आला.

घर दोन खोल्यांचे आणि एक ओटी. बापाचे अंथरूण आतल्या खोलीत. मुलाची सोय शेजारच्या चुलत्याच्या रिकाम्या खोलीत केली होती. ताट उंबऱ्यावर ठेवीत, तो ते आत घेई. भांडी त्याची त्यानेच घासायची. पालिकेच्या आरोग्य केंद्रातून रोज फोन येई : ताप आहे का, खोकला आहे का. बाईंनी एका कागदावर एक ते आठ आकडे मांडले होते आणि रोज संध्याकाळी एक आकडा खोडीत.

गावातले काही जण म्हणाले, "अरे, बाप मरणाला टेकलाय, नियम कसले पाळतोस? जा आत." आम्हांलाही एकदा वाटून गेले की जावे. पण ज्या म्हाताऱ्याला साधा खोकला सोसवत नव्हता, त्याच्याकडे तो रोग नेणे म्हणजे काय, हे मुलाला आमच्याहून बरे कळत होते. बापाची खाट खिडकीशी ओढली. दोन घरांमध्ये सहा-सात हातांचा बोळ. मुलगा पलीकडच्या दारात तोंडाला मास्क बांधून उभा राही आणि मोठ्याने बोले. म्हाताऱ्याला ऐकू कमी येई. तो नुसता हात वर करी.

पाचव्या दिवशी म्हाताऱ्याने जेवण सोडले. त्या रात्री त्या घरात कोणी झोपले नाही. मुलगा बोळात येऊन उंबऱ्यापाशी थांबला, आणि परत गेला.

आठव्या दिवशी आठवा आकडा खोडून बाई त्याच्याबरोबर चाचणीला गेल्या. दुसऱ्या दिवशी अहवाल मोबाइलवर आला. तो बाईंनीच वाचला. आधी तारीख वाचली, मग मुलाचे नाव, मग तो शब्द. मुलाने आंघोळ केली, आत गेला आणि बापाच्या उशाशी बसून त्याला वाटीभर पेज भरवली.