शासनाची भाषा आणि नागरिकाचे मन

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या काळात छत्रपती शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला. कारभारात रूढ झालेल्या फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. डबीर सुमंत झाले, सुरनीस सचिव झाले, सरनौबत सेनापती झाले. कामे तीच राहिली. पण सुलतानी दरबारातील नावे गेल्याने हे राज्य कोणाचे मांडलिक नाही, हे नुसत्या संबोधनातून कळू लागले. ‘पेशवा’ हा शब्द मात्र कोशाला पुरून उरला. राजाज्ञेने शब्द घडविता येतो. तो लोकांच्या तोंडी बसतोच असे नाही.

१९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्यकारभाराची भाषा ठरली. शब्द आपले झाले, वाक्ये अजून व्हावयाची आहेत. ‘आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे’ या वाक्यात नामंजूर करणारा कोण, हे व्याकरणच झाकून टाकते. खाली सही असते, हे खरे. परंतु निर्णय एकाचा आणि सही दुसऱ्याची, हा प्रकार कार्यालयात नवा नाही. ‘सातबारा जोडला नसल्यामुळे तहसीलदारांनी आपला अर्ज नामंजूर केला’ असे लिहिले, की दाद कोणाकडे मागावी आणि उणीव कोणती भरून काढावी, हे अर्जदारास तत्काळ उमगते.

‘लाभार्थी’ हा शब्द याहून सूक्ष्म आहे. अर्थी म्हणजे इच्छा धरणारा, मागणारा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य मिळण्याचा हक्क आहे. कायदा हक्क म्हणतो. गावातील फलकावर मात्र ‘लाभार्थ्यांची यादी’ लागते. शब्दामुळे माणसाची विचारशक्तीच बांधली जाते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पिशवीत धान्य कमी पडले, हे कोणत्याही गृहिणीस हाताच्या अंदाजाने कळते. प्रश्न त्यापुढचा आहे. जिला आपण लाभ घेण्यास आलो आहोत असे वाटते, ती मिळाले ते घेऊन घरी जाते. जिला आपला वाटा न्यावयाचा आहे, ती काटा पुन्हा लावावयास सांगते.

यादी वाचण्याची वेळ येईल तेव्हा सरपंचांनी ग्रामसभेत ‘हक्कदार कुटुंबे’ असे म्हणून पाहावे, आणि मागील रांगेतील स्त्रिया काय विचारतात ते इतिवृत्तात जसेच्या तसे नोंदवून घ्यावे.