तरुण कुत्र्यातील वारंवार उलटणारे मूत्रविकार

वर्षभराच्या वयाचा कुत्रा थेंबथेंब लघवी करतो, कुंथतो, लघवीतून रक्त जाते. औषधाने काही दिवस आराम पडतो व त्रास पुन्हा उद्भवतो. अशा वेळी तेच औषध पुनःपुन्हा न देता मूळ कारण शोधणे आवश्यक असते.

मादीचा मूत्रमार्ग आखूड असल्याने तिला जंतुसंसर्ग अधिक होतो. संसर्गामुळे मूत्राशयात खडे बनू शकतात आणि खड्यांच्या आश्रयाने जंतू टिकून राहतात. डाल्मेशियन जातीत आनुवंशिक दोषामुळेही खडे होतात. काही पिल्लांत मूत्रवाहिनी जन्मतःच मूत्राशयाऐवजी मूत्रमार्गात उघडते. असे पिल्लू, बहुधा मादी, झोपेतही ओले राहते. ही वाईट खोड नसून शारीरिक दोष आहे. तो मारहाणीने जात नाही, पुष्कळदा शस्त्रक्रियेने सुधारतो.

नराच्या शिश्नातील हाडामुळे मूत्रमार्ग तेथे रुंदावत नाही व खडा अडकतो. लघवी पूर्ण बंद झाल्यास दोन-तीन दिवसांत मृत्यू ओढवू शकतो. म्हणून त्यास तात्काळ पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.

पशुपालकांनी पुढील काळजी घ्यावी :

१. प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी लघवीची व जंतूंची तपासणी करवून घ्यावी. गरजेनुसार क्ष-किरण वा सोनोग्राफी करावी.
२. औषधे सांगितलेल्या मुदतीपूर्वी बंद करू नयेत.
३. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत.
४. स्वच्छ पाणी सदैव ठेवावे व लघवीसाठी वेळेवर बाहेर न्यावे.
५. लेप्टोस्पायरोसिस लघवीतून माणसास होऊ शकतो. हात साबणाने धुवावेत.