प्रताधिकार आणि अनुपलब्ध ग्रंथ

साहित्याच्या अभ्यासात संहितेची उपलब्धता हा प्रश्न सहसा ग्रंथपालाचा मानला जातो. वस्तुतः कोणता लेखक अभ्यासक्रमात येतो, कोणावर प्रबंध लिहिले जातात आणि कोण विस्मृतीत जातो, हे काही अंशी या प्रश्नावरच अवलंबून असते. म्हणूनच प्रताधिकार कायद्याचा विचार साहित्याच्या अभ्यासकानेही करणे अगत्याचे ठरते.

१९५७ च्या भारतीय प्रताधिकार अधिनियमाने लेखकाच्या निधनानंतर ५० वर्षांचे संरक्षण दिले होते. १९४१ मध्ये दिवंगत झालेल्या रवीन्द्रनाथ ठाकूर यांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपुष्टात येत असतानाच ही मुदत ६० वर्षांची करण्यात आली. निधनानंतरच्या वर्षारंभापासून ती मोजली जाते. त्यामुळे साने गुरुजींचे (निधन १९५०) हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य १ जानेवारी २०११ रोजी, तर बा. सी. मर्ढेकरांचे (निधन १९५६) १ जानेवारी २०१७ रोजी प्रताधिकारमुक्त झाले. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची मुदत मात्र प्रकाशनानंतरच्या वर्षापासून सुरू होते. पत्रे व दैनंदिन्या संपादित करणाऱ्यांनी हा भेद ध्यानात ठेवावयास हवा.

२०११ नंतर 'श्यामची आई'च्या आवृत्त्या अनेक प्रकाशकांनी काढल्या. परंतु हा ग्रंथ त्यापूर्वीही वाचकांना दुर्मीळ नव्हता. प्रताधिकारमुक्तीचा लाभ मुख्यतः मागणी असलेल्या ग्रंथाला होतो. खरी हानी होते ती पहिली आवृत्ती संपलेल्या, प्रकाशनसंस्था बंद पडलेल्या आणि वारसांचा ठावठिकाणा नसलेल्या ग्रंथाची. १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा ग्रंथाचा लेखक १९७० मध्ये निवर्तला असेल, तर २०३० अखेरपर्यंत त्याचे पुनर्मुद्रण कोणालाही मुक्तपणे करता येत नाही. हक्क शाबूत राहतो, ग्रंथ मात्र नाहीसा होतो.

यावर कायद्यात उपाय नाहीत असे नाही. हक्कधारकाने पुनर्प्रकाशनास नकार दिल्यामुळे ग्रंथ लोकांपासून दूर राहिला असेल, तर कलम ३१ अन्वये सक्तीचा परवाना मागता येतो. लेखक मृत वा अज्ञात असेल किंवा हक्कधारकाचा शोध लागत नसेल, तर वृत्तपत्रात जाहीर सूचना देऊन परवाना मागण्याची स्वतंत्र तरतूद आहे. तथापि अल्प खपाच्या समीक्षाग्रंथासाठी हा खटाटोप कोणता प्रकाशक करील?

कलम ५२ मधील सवलती अभ्यासकाला अधिक जवळच्या आहेत. भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या ग्रंथाच्या तीनपर्यंत प्रती अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी करता येतात. संग्रही असलेल्या ग्रंथाची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत करण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने दिली. अध्यापनासाठी आवश्यक तेवढ्या भागाच्या छायाप्रती काढणे दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर २०१६ मध्ये तत्त्वतः ग्राह्य मानले.

या सर्व सवलतींचे एक गृहीतक आहे : मूळ प्रत कोठेतरी शिल्लक असली पाहिजे. ग्रंथालयातील शेवटची जीर्ण प्रत बाद झाली, की सवलत निरर्थक होते आणि ६० वर्षांनी येणारी मुक्तीही. म्हणून संशोधकाने आपल्या प्रबंधात संदर्भग्रंथांची आवृत्ती, प्रत पाहिल्याचे ठिकाण आणि ज्ञात असल्यास हक्कधारक यांची नोंद करणे, तसेच महाविद्यालयीन ग्रंथालयाने प्रत बाद करण्यापूर्वी ती अन्यत्र आहे काय हे पाहणे, ही कामे दुय्यम मानता येणार नाहीत. मुदत संपण्याची वाट कायदा पाहू शकतो. कागद पाहू शकत नाही.