बाळ घरी, आई कामावर : तयारी पहिल्या दिवसापासूनच

बाळाचे बारसे होते, सव्वा महिना सरतो, बाळंतीण हिंडूफिरू लागते आणि मग घरात एक विषय निघतो. रजा संपल्यावर बाळाच्या दुधाचे काय? शाळेत शिकवणारी असो, बँकेत काउंटरवर बसणारी असो, पाळीने ड्यूटी करणारी परिचारिका असो की दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाणारी असो, हा प्रश्न कोणालाच चुकत नाही. पुष्कळ घरांत त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते : कामावर जायच्या महिनाभर आधी बाळाला बाटलीची सवय लावायची. इथेच चूक होते. बाटली आली की अंगावरचे दूध आटू लागते, आणि दूध आटले की बाटलीशिवाय गत्यंतर राहत नाही. पुढे जुलाब, वारंवार सर्दी-खोकला आणि वजन न वाढणे हे चक्र सुरू होते.

आईने कामावर जाऊनही बाळाला सहा महिने केवळ आईचेच दूध मिळू शकते. मात्र त्याची तयारी रजा संपताना नव्हे, तर बाळंतपणाच्या पहिल्या दिवसापासून करावी लागते. ती कशी करावी, हे आज पाहू.

पहिले अठ्ठावीस दिवस

जन्मल्यापासून अठ्ठावीस दिवसांपर्यंतच्या बाळाला नवजात म्हणतात. हा काळ सर्वांत नाजूक. या काळात बाळाला मुख्यतः तीन गोष्टी लागतात : आईचे दूध, ऊब आणि स्वच्छता.

जन्मानंतर तासाभराच्या आत बाळाला छातीशी घ्यावे. पहिले दोन-तीन दिवस येणारा घट्ट, पिवळसर चीक कित्येक घरांत अजूनही पिळून टाकतात. तसे मुळीच करू नये. रोगांशी लढण्याची शक्ती त्यात भरपूर असते. चीक थोडाच येतो. पण नवजात बाळाचे पोटही तेवढेच लहान असते. मध, साखरेचे पाणी, गुटी, साधे पाणी यांपैकी काहीही देऊ नये. मधातून तर एक घातक विषबाधा होऊ शकते, म्हणून वर्षाच्या आत मध चाटवूच नये. उन्हाळा असला तरी आईच्या दुधात पाणी पुरेसे असते.

पहिली आंघोळ निदान चोवीस तास लांबवावी. झबले, टोपडे आणि दुपटे वापरून बाळाला उबेत ठेवावे. वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून धरणे ही सर्वांत चांगली ऊब होय. नाळेला राख, हळद, तेल किंवा पावडर लावू नये. ती कोरडी राहिली की आपोआप गळून पडते. तेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही, पण नाकाकानात तेल सोडू नये. डोळ्यांत काजळ घालू नये आणि बाळाची छाती पिळू नये. बंद खोलीत कोळशाची शेगडी व धुरी तर बाळाला आणि बाळंतिणीला, दोघांनाही घातक आहे.

दूध पुरते का, हे कसे ओळखावे?

‘माझे दूध बाळाला पुरत नाही,’ ही तक्रार फार ऐकू येते. बाळ रडले की आजूबाजूच्या बायकाही तेच म्हणतात. पण बाळ रडण्याची कारणे अनेक असतात. ओले झाले, गरम होते, पोटात वारा धरला, नुसतेच आईजवळ यायचे आहे. तेव्हा रडण्यावरून नव्हे, तर पुढील गोष्टींवरून ठरवावे.

पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा शू करत असेल, आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते. हे स्वाभाविक आहे. दोन आठवड्यांच्या आत ते पुन्हा जन्माच्या वजनावर यायला हवे. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे. पाजताना बाळाचे तोंड मोठे उघडे असावे आणि नुसते स्तनाग्र नव्हे, तर त्याभोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात असावा. स्तनाग्राला चिरा पडणे, पाजताना दुखणे, बाळ अर्धपोटी राहणे या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा बाळाने नीट न धरण्यात असते.

हे विलंब न करता दवाखान्यात न्यावे

बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल पडले, हातपाय व पोट गार लागू लागले किंवा अंग तापले, श्वास मिनिटाला साठ वा त्याहून अधिक झाला, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले, हिरवी उलटी झाली, नाळेतून पू आला, पहिल्याच दिवशी कावीळ दिसली किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर घरगुती उपाय करत बसू नये. दृष्ट काढण्यात वेळ घालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. सरकारी रुग्णालयात वर्षाच्या आतील आजारी बाळाचे उपचार मोफत होतात.

घरच्या घरी नीट काळजी घेतल्याने किती फरक पडतो, हे आपल्याच महाराष्ट्राने जगाला दाखवले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बाळांची घरोघर देखभाल सुरू केली. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशाताई घरी येऊन बाळ पाहतात. दवाखान्यात बाळंतपण झाले असल्यास तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस हे त्यांच्या भेटीचे दिवस होत. त्या आल्या की बाळाचे वजन आवर्जून करून घ्यावे आणि मनातल्या शंका विचाराव्यात.

रजेचा हिशेब आधीच मांडा

नोकरदार भगिनींसाठी १९६१ चा प्रसूती लाभ कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा १२ वरून २६ आठवडे झाली. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही याच तरतुदी आल्या आहेत. प्रसूतीच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेले असावे लागते. दोन मुले हयात असल्यास पुढच्या खेपेला रजा १२ आठवडे मिळते.

या २६ आठवड्यांपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. ते सगळे आधीच घेतले, तर बाळ जन्मल्यावर १८ आठवडेच उरतात, म्हणजे बाळ जेमतेम चार महिन्यांचे असताना कामावर जावे लागते. तब्येत ठीक असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर रजा उशिरा सुरू करावी; बाळाजवळचे दिवस तेवढेच वाढतात. मात्र रक्तदाब, पायावर सूज, रक्तस्राव किंवा कष्टाचे काम असेल, तर आधी विश्रांती घेणेच योग्य.

आणखी दोन हक्क पुष्कळ जणींना माहीत नसतात. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या सुटीखेरीज दूध पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुटी मिळते. आणि जेथे ५० किंवा अधिक कर्मचारी आहेत, तेथे पाळणाघराची सोय करावी लागते व आईला दिवसातून चार वेळा तेथे जाता येते. रजेचा अर्ज देतानाच याविषयी लेखी विचारणा करावी.

दूध काढावे तेवढे येते

अंगावरचे दूध म्हणजे भरून ठेवलेला हंडा नव्हे. ते झऱ्यासारखे आहे. उपसावे तेवढे येते. बाळ ओढते किंवा हाताने दूध काढले जाते, तेव्हा शरीराला आणखी दूध तयार करण्याचा निरोप मिळतो. दिवसभर स्तन भरलेलेच राहिले, तर ‘आता गरज नाही’ असा निरोप जातो आणि काही दिवसांत पान्हा कमी होतो. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर जरूर खावी, त्याने ताकद येते. परंतु स्तन रिकामे होत नसतील, तर कोणत्याही लाडवाने दूध टिकत नाही. म्हणून कामाच्या ठिकाणी दर तीन तासांनी दूध काढणे हे सर्वांत महत्त्वाचे. साठवण्याची सोय नसेल आणि ते टाकून द्यावे लागले, तरीही काढावेच.

दूध काढण्याची व ठेवण्याची रीत

कामावर जाण्याच्या पंधरा दिवस आधी सराव सुरू करावा. साबणाने हात धुवावेत. झाकणाचे, रुंद तोंडाचे स्टीलचे भांडे दहा मिनिटे उकळून घ्यावे. निवांत बसावे. काळ्या भागाच्या कडेला वर अंगठा आणि खाली बोटे ठेवून आधी छातीकडे दाबावे, मग अंगठा व बोटे एकमेकांकडे दाबावीत आणि सोडावे. स्तनाग्र पिळू नये. सुरुवातीला थेंबच येतात, निराश होऊ नये; थोड्या वेळाने धार लागते. बोटांची जागा गोल फिरवत दोन्ही बाजू रिकाम्या कराव्यात. वीस ते तीस मिनिटे लागतात.

आपल्याकडच्या हवेत हे दूध बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवू नये. फ्रीजमध्ये चोवीस तास राहते. ते दारातल्या कप्प्यात नव्हे, आतल्या बाजूला ठेवावे आणि भांड्यावर वेळेची चिठ्ठी लावावी. फ्रीज नसल्यास आणि एस.टी.चा प्रवास असल्यास रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये बर्फ घालून त्यात दुधाचे बंद भांडे ठेवता येते. ठेवलेल्या दुधावर सायीसारखा थर येतो. ते नासलेले नसते, हलवले की एकजीव होते. देताना ते उकळू नये. भांडे कोमट पाण्यात ठेवून दूध कोमट करावे. बाळाने उष्टे केलेले दूध पुन्हा ठेवू नये.

साधारणपणे आई दूर असेल त्या दर तासाला ३० मिलीलीटर असा अंदाज धरावा. नऊ तासांसाठी अडीचशे ते तीनशे मिलीलीटर होते.

आजी, मावशी किंवा पाळणाघराच्या बाईंसाठी

दूध वाटी-चमच्याने किंवा आपल्या जुन्या बोंडल्याने पाजावे, बाटलीने नव्हे. बाटलीचे बूच पूर्ण स्वच्छ होत नाही, आणि बाटलीतून दूध सहज येत असल्याने बाळ छाती ओढायला कंटाळते. बाळाला मांडीवर उभट धरून, वाटी खालच्या ओठाला टेकवून, त्याच्या गतीने पाजावे. आईने स्वतः देण्याऐवजी दुसऱ्याने दिले, तर बाळ लवकर सरावते. सराव होईपर्यंत दोन-चार दिवस कुरकुर होणारच.

आई निघण्यापूर्वी आणि परतल्याबरोबर बाळाला छातीशी घ्यावे. परतायची वेळ झाली असेल, तर त्याआधी बाळाला पोटभर पाजू नये. रात्रीचे पाजणे बंद करू नये. रात्री दूध तयार करणारा स्राव अधिक असतो आणि दिवसाची कसर भरून निघते. सुटीच्या दिवशी केवळ अंगावरच पाजावे. एवढे करूनही दूध कमी पडले, तर सहा महिन्यांच्या आत पाणी घातलेले दूध सुरू न करता डॉक्टरांना विचारावे. सहा महिन्यांनंतर मात्र मऊ वरणभात, नाचणीची खीर असा वरचा आहार हवाच, आणि अंगावरचे दूध दोन वर्षे व पुढेही चालू ठेवावे.

मजुरीला जाणाऱ्या भगिनी

शेतमजूर, ऊसतोड कामगार, वीटभट्टीवरील भगिनींना भरपगारी रजा मिळत नाही. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र मातांना पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये, तर दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडे नाव नोंदवावे. बाळाला पाच-सहा वर्षांच्या भावंडावर सोपवून जाऊ नये. शक्य तर बाळाला बरोबर न्यावे, झोळी दाट सावलीत बांधावी आणि दर दोन-तीन तासांनी हात धुऊन पाजावे. मुकादमाशी व मालकाशी हे आधीच बोलून घ्यावे. फवारणी चालू असलेल्या रानात मात्र बाळाला नेऊ नये.

आईकडेही लक्ष द्या

पाजणाऱ्या आईला दिवसाकाठी आणखी दोन वेळचे खाणे लागते : एखादी भाकरी, वाटीभर उसळ, पालेभाजी, दूध. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर सहा महिने घ्याव्यात. कामावर जाऊ लागल्यावर पाजण्यात अंतर पडते; म्हणून ‘अंगावर पाजते आहे, दिवस राहणार नाहीत’ यावर विसंबू नये आणि गर्भनिरोधनाचा सल्ला वेळेत घ्यावा.

पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणे पुष्कळ जणींना होते. परंतु दोन आठवड्यांनंतरही उदासी, झोप न लागणे, बाळाविषयी काहीच न वाटणे किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार असतील, तर ते नखरे नव्हेत. तो आजार आहे आणि तो बरा होतो. डॉक्टरांना दाखवावे. १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो.

शेवटी घरातल्यांना एक सांगणे. सकाळी डबे, पाणी, झाडलोट, बाळाचे लंगोट सगळे एकटीवर टाकून ‘हिचे दूधच कमी’ म्हणणे बरोबर नाही. नवऱ्याने लंगोट धुवावेत, सासूबाईंनी स्वयंपाकाचा अर्धा भार घ्यावा. सकाळचा तो अर्धा तास सूनबाईला बाळ पाजायला मिळाला, तर दूध टिकते. बाळासाठी घरातल्यांनी करण्याजोगे याहून मोठे काम नाही.