कुटुंब वाढलं की मोठं विमान कसं निवडावं?

चार सीटचं सेस्ना १७२ नवरा-बायको आणि एका तान्ह्या बाळाला पुरतं. तिसऱ्या मुलापर्यंत त्यात सीटही उरत नाही आणि वजनाला वावही. अमेरिकेत स्वतःचं छोटं विमान चालवणारी कुटुंबं मग सहा सीटच्या जुन्या विमानांकडे वळतात. पण विमानात सहा सीट आहेत म्हणून सहा माणसं, सामान आणि भरलेल्या टाक्या ते उचलेलच असं नाही. म्हणून निवड वजनावरून करा.

हाताशी काय हवं

वजनकाटा, वही, पसंतीच्या विमानाचं वजन-संतुलनाचं ताजं पत्रक, लॉगबुकं आणि विक्रेत्याशी संबंध नसलेला मेकॅनिक.

कृती

१. सगळ्यांना कपड्या-बुटांसकट काट्यावर उभं करा. बॅगा, घडीची बाबागाडी, मुलाची सुरक्षा-सीट हेही तोला. समजा, आई-बाबा मिळून ३३० पौंड, तीन मुलं १६०, सुरक्षा-सीट आणि सामान ११०. बेरीज ६०० पौंड.

२. त्यात इंधन मिळवा. अ‍ॅव्हगॅसचं वजन गॅलनला ६ पौंड. ३०० अश्वशक्तीचं इंजिन तासाला साधारण १५ गॅलन पितं. तीन तासांचा प्रवास आणि एका तासाची शिल्लक धरली तर ६० गॅलन, म्हणजे ३६० पौंड. एकूण ९६० पौंड. कायद्याला दिवसा, स्वच्छ हवामानात अर्ध्या तासाची शिल्लक चालते; मुलं सोबत असताना एक तास ठेवाच.

३. पाच वर्षांनंतरची बेरीज करा. मुलं वाढतील, त्याचे १४० पौंड जास्त धरा. भारतातून आजी राहायला आली की सहावी सीट भरेल, आणखी १४०. आकडा १२४० वर जातो. विमान या आकड्यासाठी शोधा.

४. आता विमानं पाहा. सेस्ना १८२ दमदार आहे, पण सीट चारच. पायपर चेरोकी सिक्स आणि साराटोगा वजन उचलण्यात उजवी. इंजिन आणि केबिन यांच्यामध्ये सामानाचा वेगळा कप्पाही असतो. सेस्ना २०६ तितकंच कामसू. बीचक्राफ्ट बोनान्झा ए३६ वेगवान आणि देखणं, पण सहा जण बसवायचे तर बहुधा इंधन कमी भरून वाटेत उतरावं लागतं. जाहिरातीतल्या आकड्यावर जाऊ नका. नवी उपकरणं, एसी, चामड्याच्या सीटा यांनी प्रत्येक विमानाचं रिकामं वजन वेगळं झालेलं असतं. त्याच विमानाचं पत्रक मागा.

५. गुरुत्वमध्य तपासा, तोही दोनदा: उडतानाचा आणि उतरतानाचा. बोनान्झात इंधन जळत जातं तसा तो मागे सरकतो. मागच्या सीटा भरलेल्या असतील तर निघताना बरोबर असलेलं संतुलन उतरताना मर्यादेबाहेर जाऊ शकतं.

६. मुलांना त्या विमानात बसवून पाहा. सुरक्षा-सीट दारातून आत जाते का, पट्टा नीट आवळता येतो का? सीटवर विमानात वापरण्यास मान्यता असल्याचं लेबल हवं. दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवर घेणं नियमात बसतं, पण धक्का बसला तर हातांची पकड टिकत नाही. त्याला स्वतंत्र सीट द्या. मग दार आतून उघडायला लावा. मागच्या बाजूला दुपाखी मालाचं दार असलेल्या २०६ मध्ये फ्लॅप खाली असताना दाराचा पुढचा भाग अडतो. तेव्हा बाहेर कसं पडायचं, हे प्रत्येक मोठ्या मुलाला करून दाखवा.

७. खरेदीपूर्व तपासणी स्वतःच्या मेकॅनिककडून करून घ्या. सिलिंडरचं कॉम्प्रेशन, बोरस्कोपमधून व्हॉल्व्ह, तेलाची चाचणी, गंज, सुरक्षा-आदेशांची पूर्तता. २०१८ मध्ये फ्लोरिडात पायपरच्या एका प्रशिक्षण विमानाचा पंख हवेत तुटला. त्यानंतर पीए-२८ आणि पीए-३२ कुळातल्या काही विमानांना पंखातल्या मुख्य तुळईची (स्पारची) तपासणी सक्तीची झाली. चेरोकी सिक्स आणि साराटोगा पीए-३२ कुळातलीच. तुमच्या पसंतीच्या विमानाला ती तपासणी लागू असेल तर तिची नोंद लॉगबुकात दिसलीच पाहिजे. ओक्लाहोमा सिटीतल्या नोंदणीवरून मालकी आणि कर्जाचा बोजाही पाहा.

८. सौदा पक्का करण्याआधी विमा कंपनीला विचारा. नव्या विमानावर प्रशिक्षकासोबत किती तास लागतील, हे ती सांगते. २०० पेक्षा जास्त अश्वशक्तीच्या इंजिनासाठी आणि मागे घेता येणाऱ्या चाकांच्या विमानासाठी वैमानिकाच्या लॉगबुकात प्रशिक्षकाची वेगवेगळी नोंद लागते. वार्षिक तपासणी, हँगर आणि इंजिनच्या ओव्हरहॉलसाठी पैसे बाजूला ठेवा.

९. पहिली उड्डाणं प्रशिक्षकासोबत, सहा माणसांइतकं वजन भरून करा. विमान हलकं आणि भरलेलं असताना वेगळं वागतं. उन्हाळ्यात डेन्व्हरजवळच्या सेंटेनियलसारख्या ५,८८५ फूट उंचीवरच्या विमानतळावर तर फारच.

वेग, रंग, कॉकपिटमधले डिजिटल पडदे यांवर मन जडतं, ते स्वाभाविक आहे. तरी १२४० चा आकडा ज्या विमानाला पेलत नाही ते कितीही आवडलं तरी सोडून द्या. घरचे सगळे त्यात बसणार आहेत.