युरियाची विषबाधा : सोडा नव्हे, आम्ल

रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोठीपोटातील सूक्ष्म जीव युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतात. तो सावकाश तयार झाल्यास त्यापासून हे जीव प्रथिने बनवितात. परंतु उघड्या पोत्यातील युरिया किंवा त्याचे द्रावण जनावराने खाल्ले-प्याले, तर एकदम पुष्कळ अमोनिया तयार होतो व जनावर काही तासांत दगावू शकते.

रक्तात किती अमोनिया जाईल, हे कोठीपोटाच्या आम्लतेवरही अवलंबून असते. आम्ल द्रवात अमोनियास हायड्रोजनचा कण जोडला जाऊन विद्युतभारित अमोनियम बनते. भारित कण पोटाच्या अस्तरातून सहज पार होत नाहीत. भाररहित अमोनिया मात्र झपाट्याने रक्तात शिरतो. अनेक औषधांचे शोषणही याच तत्त्वाने होते. सामू ६.५ असताना भाररहित अमोनिया शेकडा एक भागाहूनही कमी असतो, सामू ८.५ झाल्यास तो एकूण अमोनियाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास पोचतो. युरियाच्या विघटनाने सामू आपोआप चढतो व धोका वाढत जातो.

लाळ गळणे, अंग थरथरणे, तोल जाणे, धाप लागणे, पोट फुगणे व झटके येणे ही लक्षणे बहुधा पहिल्या तासाभरातच दिसतात. पोट फुगलेले पाहून खाण्याचा सोडा पाजू नये. धान्य अति खाल्ल्याने आम्लता वाढते, तेथे सोडा उपयोगी पडतो. येथे तो सामू आणखी चढवून अमोनियास रक्ताची वाट मोकळी करून देतो.

अशा वेळी पशुवैद्यकास तत्काळ बोलवावे. मोठ्या जनावरास २० ते ४० लिटर थंड पाणी व ५ टक्के आम्लाचे व्हिनेगर २ ते ६ लिटर देतात. शेळी-मेंढीस व्हिनेगर अर्धा ते एक लिटर पुरते. थंड पाण्याने विघटन मंदावते, तर व्हिनेगरने अमोनियाचे अमोनियम होते. हे शक्यतो पशुवैद्यकाने नळीने द्यावे. आडव्या पडलेल्या किंवा झटके येणाऱ्या जनावरास तोंडाने काहीही पाजू नये. द्रव फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. लक्षणे पुन्हा उद्भवू शकतात, म्हणून जनावरावर काही तास नजर ठेवावी.

युरियाची पोती गोठ्यापासून दूर, बंद जागी ठेवावीत. द्रावणाची पिंपे व बादल्या काम होताच धुऊन पालथ्या घालाव्यात आणि ते पाणी जनावरांच्या वाटेवर ओतू नये.