उणीव आणि अमानत

कामाच्या ठिकाणी आपण आपली उणीव झाकत असतो. एखादी गोष्ट समजली नाही, तरी विचारण्याची लाज वाटते.

अशा वेळी हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) यांचे स्मरण करावे. ते दृष्टिहीन होते, तरीही मदीनेत प्रेषितांचे (स.) मुअज्जिन होते. हजरत बिलाल (रजि.) रात्र शिल्लक असतानाच अजान देत. म्हणून प्रेषितांनी (स.) शिकवले की, इब्ने उम्मे मकतूम यांची अजान होईपर्यंत खाणेपिणे चालू ठेवावे. सहीह बुखारीत आले आहे की, पहाट झाल्याचे लोकांनी सांगितल्याखेरीज ते अजान देत नसत.

पहाट त्यांना दिसत नव्हती. परंतु ते अंदाजावर विसंबले नाहीत. साऱ्या मदीनेचा रोजा त्यांच्या अजानेवर सुरू होई.

उणीव आपोआप सामर्थ्य ठरत नाही. ती मान्य करून विचारणारा मात्र विश्वासास पात्र ठरतो. हिशेबात कच्चे असाल, तर दुसऱ्याकडून तपासून घ्या. विसराळू असाल, तर लिहून ठेवा. हाती घेतलेले काम ही अमानत आहे. लाजेपायी तिच्यात खोट येऊ देऊ नका.

अल्लाह आपणा सर्वांना याची तौफीक देवो. आमीन.